साउथ बेमध्ये नव्याने आलात? चिनी बेकरी आणि डिमसम असं शोधा

सनीवेल, क्युपर्टिनो, सँटा क्लारा, मिलपिटस किंवा फ्रीमाँटमध्ये नवं बिऱ्हाड मांडलेल्या मराठी कुटुंबाला इंडियन ग्रोसरी कुठे मिळते, हे पहिल्या आठवड्यातच कोणीतरी सांगतं. चिनी बेकरी कुठे आहे, डिमसम (चहाबरोबर खायचे छोटे छोटे चिनी पदार्थ) खायला कुठे जायचं, हे सहसा कोणी सांगत नाही. मग चिनी खायची इच्छा झाली की गाडी काढून थेट सॅन फ्रान्सिस्कोचं चायनाटाउन गाठायचं, एवढंच सुचतं. चायनाटाउन एकदा जरूर पाहावं, पण खाण्यासाठी दर वेळी तिथवर जायची गरज नाही. आपल्या या पट्ट्यात चिनी आणि तैवानी कुटुंबं मोठ्या संख्येने राहतात. रविवारी सकाळी ती आजी-आजोबांना घेऊन जिथे जातात, ती ठिकाणं तुमच्या घरापासून बहुधा दहा-पंधरा मिनिटांवर आहेत.

माझं सांगणं थोडक्यात असं आहे. ही दुकानं शेजाऱ्यांच्या रोजच्या वापरातली आहेत, म्हणून शेजाऱ्यासारखं जा. पंचवीस ठिकाणांची यादी करण्यापेक्षा जवळची एक बेकरी आणि एक डिमसमचं हॉटेल धरा, तिथे वारंवार जा आणि विचारायला लाजू नका. शाकाहारी असाल तर विचारणं फारच महत्त्वाचं आहे. त्यावर पुढे सविस्तर लिहिलं आहे.

इथे चायनाटाउन का दिसत नाही

सॅन होजेमध्ये एके काळी चायनाटाउन होतं, आणि एक नव्हे तर एकामागून एक पाच. त्यातलं मार्केट स्ट्रीटवरचं चायनाटाउन मे १८८७ मध्ये मुद्दाम आग लावून जाळण्यात आलं. त्यानंतर जॉन हाइन्लेन या जर्मन स्थलांतरिताने, शहरातल्या लोकांच्या धमक्यांना न जुमानता, स्वतःची जमीन चिनी लोकांना भाड्याने दिली. तिथे उभी राहिलेली हाइन्लेनव्हिल ही वस्ती १९३१ पर्यंत टिकली. आजच्या जपानटाउनच्या लगत ती होती. सॅन होजे शहराने या सगळ्या वागणुकीबद्दल चिनी समाजाची अधिकृत माफी मागितली, ती २०२१ मध्ये.

दरम्यान १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना अमेरिकेची दारं बंद केली होती. तो कायदा १९४३ मध्ये रद्द झाला, पण मोठ्या संख्येने माणसं येऊ लागली ती १९६५ च्या इमिग्रेशन कायद्यानंतर. याच कायद्यामुळे भारतातूनही इंजिनिअर आणि डॉक्टर येऊ लागले. तैवान आणि हाँगकाँगहून आलेली ही नवी पिढी चिप आणि कॉम्प्युटरच्या कंपन्यांत नोकरीला लागली. चांगल्या शाळांजवळ घरं घेऊन ती उपनगरांत राहिली आणि तिची दुकानंही तिथेच आली. त्यामुळे इथे लाल कमानी आणि कंदिलांचा रस्ता शोधून सापडत नाही. जे आहे ते मोठ्या पार्किंगभोवती बसक्या दुकानांची रांग असलेल्या प्लाझामध्ये आहे. हमरस्त्यावरून जाताना तो इतर कुठल्याही प्लाझासारखाच दिसतो.

पहिली पायरी: आधी बाजार शोधा

बेकरी शोधू नका, चिनी सुपरमार्केट शोधा. बेकरी, डिमसम, बोबा चहा (टॅपिओकाच्या गोळ्या घातलेला गोड चहा), भाजलेली बदकं टांगलेलं दुकान, हे सगळं सुपरमार्केटच्या आधाराने उभं असतं. आपल्या भागात त्यातलं सर्वांत ओळखीचं नाव म्हणजे ‘नाइंटी नाइन रँच’. ही साखळी १९८४ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियातल्या वेस्टमिन्स्टर गावात एका तैवानी उद्योजकाने सुरू केली. आता ती बे एरियात सगळीकडे पसरली आहे.

सुरुवातीसाठी दोन प्लाझा सांगतो. पहिला क्युपर्टिनो व्हिलेज, वुल्फ रोड आणि होमस्टेड रोडच्या कोपऱ्यावर. दुसरा मिलपिटस स्क्वेअर, बार्बर लेनवर, ८८० आणि २३७ हे हायवे मिळतात त्याच्या जवळ. दोन्हींमध्ये नाइंटी नाइन रँच आहे आणि भोवती खाण्याची दुकानं खच्चून भरलेली आहेत. मिलपिटस स्क्वेअरमधलं ‘मेफ्लॉवर’ हे डिमसमचं हॉटेल जुनं आणि माहितीतलं. फ्रीमाँटकरांनी वॉर्म स्प्रिंग्जच्या बाजूला बघावं. दुकानं बदलतात, मालक बदलतात, म्हणून निघण्यापूर्वी नकाशावर वेळ आणि ताजे फोटो पाहून घ्या. प्लाझा मात्र तोच राहतो. एक दुकान बंद झालं तर त्याच गाळ्यात बहुतेक वेळा दुसरं तसंच उघडतं.

तुम्ही याहून लांब राहत असाल तर नकाशावर नुसतं ‘चायनीज रेस्टॉरंट’ टाकू नका. त्याने पांडा एक्स्प्रेस या फास्टफूडच्या साखळीपासून सगळं समोर येतं. ‘डिमसम’, ‘हाँगकाँग बेकरी’, ‘तैवानीज बेकरी’ असे शब्द टाका आणि मग तारे मोजण्याआधी फोटो उघडा. फोटोत बांबूच्या गोल करंड्या, मोठी गोल टेबलं आणि त्यावर बसलेली तीन पिढ्यांची कुटुंबं दिसली तर ठिकाण बरोबर आहे. चिनी हॉटेलांच्या बाबतीत ताऱ्यांवर मी फारसा विश्वास ठेवत नाही. ‘वेटर हसला नाही’ म्हणून दोन तारे कापणारे लोक पुष्कळ असतात, आणि गर्दीच्या डिमसम हॉलमध्ये वेटरला हसायला वेळ नसतो.

प्लाझात पोचल्यावरही काही खुणा कामी येतात. ईस्ट वेस्ट बँक किंवा कॅथे बँकेची शाखा, चिनी अक्षरांतली दंतवैद्याची पाटी, मुलांच्या गणिताची नाहीतर चिनी भाषेची शिकवणी. हे दिसलं की समजा, इथे लोक फक्त खायला येत नाहीत, आठवड्याची सगळी कामं करायला येतात. अशा ठिकाणची बेकरी सहसा चांगली असते, कारण तिचं गिऱ्हाईक रोजचं असतं.

दुसरी पायरी: बेकरी कोणत्या घराण्याची आहे ते ओळखा

बाहेरून सगळ्या सारख्या दिसल्या तरी आपल्याकडे मुख्यतः दोन प्रकार भेटतात.

हाँगकाँगच्या पद्धतीची बेकरी बहुधा लहान असते. काउंटरमागे मावशी उभ्या असतात, काचेच्या कपाटात पाव आणि टार्ट असतात, कोपऱ्यात दोन टेबलं. इथे अंड्याचे टार्ट, पायनॅपल बन, कॉकटेल बन, भाजलेल्या डुकराच्या मांसाचे बन मिळतात. अशा काही दुकानांत अजूनही फक्त रोख चालतं, म्हणून वीस डॉलरची एक नोट खिशात असू द्या. हाँगकाँगचा दुधाचा चहा मिळत असेल तर तो चुकवू नका. काळा चहा कापडी गाळणीतून पुन्हापुन्हा गाळून, आटवलेलं डब्याचं दूध घालून करतात. आलं-वेलदोडा नसतो, पण चहा चांगला कडक असतो. बोबाच्या गोडमिट्ट चहाला कंटाळलेल्या मराठी माणसाला तो आवडतो, असा माझा अनुभव आहे.

तैवानी पद्धतीची बेकरी मोठी आणि उजेडी असते, आणि तिथे आपणच हाताने माल उचलायचा असतो. ‘८५ डिग्री सी’ ही तैवानची साखळी अमेरिकेत पहिल्यांदा २००८ मध्ये अर्व्हाइनला आली. आपल्याकडे न्यूअर्क आणि क्युपर्टिनोमध्ये तिच्या शाखा आहेत. ‘शेंग की’ ही बे एरियातली जुनी तैवानी बेकरी. इथले पाव मऊ, किंचित गोड आणि पिसासारखे सुटणारे असतात. ‘फ्रेंच पाव फार कडक लागतो’ म्हणणाऱ्या घरातल्या ज्येष्ठांसाठी इथला साधा दुधाचा पाव घेऊन बघा.

सॅन होजेत व्हिएतनामी बेकऱ्याही खूप आहेत. त्या वेगळ्या आणि उत्तम आहेत, पण त्या स्वतंत्र लेखाचा विषय.

तिसरी पायरी: ट्रे, चिमटा आणि काय उचलायचं

दारातच ट्रे आणि चिमटे ठेवलेले असतात. ट्रेवर कागद पसरायचा, कपाटाचं झाकण उघडायचं, चिमट्याने हवं ते उचलायचं. ट्रेवर ठेवलेलं परत कपाटात ठेवायचं नाही. काउंटरवर प्रत्येक पाव वेगळ्या पिशवीत बांधून देतात. प्लॅस्टिक नको असेल तर आधीच सांगा. ताजा घाणा बाहेर आला की कर्मचारी मोठ्याने पुकारतात. त्या वेळी तुम्ही दुकानात असाल तर आणखी काही उचलण्याआधी ताज्या ट्रेकडे वळा. सकाळचे नऊ ते अकरा ही बेकरीची सर्वांत चांगली वेळ. संध्याकाळी काही बेकऱ्या उरलेले पाव एकत्र बांधून कमी दरात विकतात.

आता नावं. पायनॅपल बनमध्ये अननस नसतो. वरच्या साखरी पापुद्र्याला भाजताना ज्या भेगा पडतात त्यावरून ते नाव पडलं. हाँगकाँग सरकारने २०१४ मध्ये आपल्या अमूर्त वारशाच्या यादीत हा बन करण्याची कला नोंदवली. तो कोमट असतानाच खायचा. काही ठिकाणी मधोमध चिरून थंड लोण्याचा जाड काप घालून देतात. कॉकटेल बनमध्ये खोबरं, साखर आणि लोण्याचं सारण असतं. १९५० च्या सुमारास हाँगकाँगमध्ये उरलेले पाव वाया जाऊ नयेत म्हणून ते कुस्करून, त्यात साखर-खोबरं मिसळून नव्या पावात भरायची युक्ती निघाली, त्यातून तो आला. कोकणातल्या माणसाने सुरुवात यापासून करावी.

अंड्याचे टार्ट दोन तऱ्हेचे. कँटनी, म्हणजे दक्षिण चीनच्या ग्वांगडोंगकडच्या, टार्टचा वरचा भाग गुळगुळीत पिवळा असतो. वर काळे-तपकिरी डाग असलेला टार्ट मकाववरून आलेला, पोर्तुगीज वळणाचा. त्याची आजची लोकप्रियता १९८९ मध्ये मकावच्या कोलोआनमध्ये अँड्र्यू स्टो या इंग्रज गृहस्थाने उघडलेल्या बेकरीपासून सुरू झाली. लिस्बनचा ‘पास्तेल दे नाता’ हा त्याचा पूर्वज. पणजीत तो खाल्लेला असेल तर चव लगेच ओळखाल.

‘वाइफ केक’ नावाची एक चपटी, पापुद्रे सुटणारी गोल पोळी मिळते. तिच्या आतलं चिकट पांढरं सारण साखरेत मुरवलेल्या कोहळ्याचं असतं. कोहळेपाक आवडणाऱ्या घरात ती संपायला वेळ लागत नाही, पण एक इशारा: पारंपरिक कृतीत तिच्या पापुद्र्यांत डुकराची चरबी घालतात.

अझुकी या बारीक लाल कडधान्याचं, काळ्या तिळाचं किंवा अळूच्या कंदाचं गोड सारण भरलेले बन सगळीकडे मिळतात आणि ते शाकाहारी दिसतात. सारण बहुधा असतंही. पाव मात्र अंड्याचा हात फिरवून भाजलेला असतो. अंडं न खाणाऱ्यांना चिनी बेकरीत फार थोडं मिळतं, हे आधीच सांगून ठेवतो. वाफवलेले गोड बाओ (मऊ पांढरे बन) हा त्यांच्यासाठी त्यातल्या त्यात बरा मार्ग, तोही विचारून.

आणि हे नीट लक्षात ठेवा. पावावर तपकिरी, कापसासारखा भुगा पसरलेला दिसला तर ते वाळवून पिंजलेलं डुकराचं मांस असतं. पाटीवर ‘पोर्क फ्लॉस’ लिहिलेलं असतं, पण गडबडीत पाटी वाचायची राहते. कांद्याच्या पातीचा हिरवट बन निरुपद्रवी वाटतो, त्यात पुष्कळदा हॅम असतं.

चौथी पायरी: डिमसमला कधी जायचं

डिमसम म्हणजे रात्रीचं जेवण नव्हे. चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातल्या चहाच्या दुकानांत चहाबरोबर छोटे छोटे पदार्थ खायची जी रीत पडली, ती ही. कँटनी लोक ‘याम चा’ला जाऊ या म्हणतात, म्हणजे चहा प्यायला. त्यामुळे ही सकाळ-दुपारची गोष्ट आहे. बहुतेक हॉटेलं दहाच्या सुमारास उघडतात आणि अडीच-तीनला डिमसम बंद करतात. दोन वाजता गेलात तर निम्मे पदार्थ संपलेले असतात.

शनिवार-रविवारी साडेदहाच्या आत पोचा. अकरानंतर पाऊण ते एक तास उभं राहायची तयारी ठेवा, आणि पार्किंगलाही तितकाच त्रास होतो. जमलं तर कामाच्या दिवशी जा. सुट्टी घेतलेला शुक्रवार यासाठी उत्तम. डेली सिटीचं ‘कॉय पॅलेस’ १९९६ पासून नावाजलेलं आहे. तिथवर मुद्दाम जाणार असाल तर कामाचाच दिवस निवडा.

दारात शिरलात की आधी काउंटरवर जाऊन नंबर घ्या. रांग दिसत नसली तरी नंबरची रांग असते. किती माणसं आहेत ते सांगा. नंबर कँटनी, मँडरिन आणि इंग्रजी अशा क्रमाने पुकारतात आणि गोंगाटात इंग्रजी ऐकू येत नाही, म्हणून काउंटरच्या जवळच उभे राहा. चार ते आठ माणसं असावीत, तेवढ्यांत पुष्कळ पदार्थ चाखता येतात. दोघंच गेलात तर चार करंड्यांतच पोट भरतं.

पाचवी पायरी: बसल्यावर

पहिला प्रश्न चहाचा येतो आणि उत्तर लगेच अपेक्षित असतं, म्हणून ठरवून जा. ‘बो लेई’ हा पु-एर चहा काळा, मातकट वासाचा आणि तेलकट खाण्याबरोबर छान लागणारा. ‘गुक फा’ म्हणजे शेवंतीच्या वाळलेल्या फुलांचा. हा मुलांनाही देता येतो. दोन्ही एकत्र हवे असतील तर ‘गुक बो’ म्हणा. जाईजुईच्या वासाचा जास्मिन सगळ्यांना चालतो. दूध-साखर मागू नका. चहाचे पैसे माणशी लावतात, बिलात ती ओळ दिसली तर चकित होऊ नका.

किटली रिकामी झाली की तिचं झाकण उघडून तिरकं ठेवा, कोणीतरी येऊन गरम पाणी भरून जाईल. स्वतःच्या कपात ओतण्याआधी इतरांच्या कपात ओतायचं. दुसऱ्याने आपल्या कपात चहा ओतला तर दोन बोटांनी टेबलावर हलकेच टकटक करायचं, हे आभार. छिएनलुंग बादशहा वेष पालटून फिरत असताना त्याने सोबतच्या सेवकांना चहा ओतला, त्यांना उघडपणे वाकून नमस्कार करता येईना म्हणून त्यांनी बोटं वाकवली, अशी आख्यायिका सांगतात. शेजारच्या टेबलावरचे आजोबा तुम्हाला हे करताना पाहतील तर नक्की खूश होतील.

मागवायच्या दोन पद्धती आहेत. जुन्या हॉटेलांत बायका ट्रॉल्या ढकलत फिरतात, झाकण उघडून दाखवतात, बोट दाखवलं की करंडी टेबलावर येते आणि कार्डावर शिक्का पडतो. शिक्के लहान, मध्यम, मोठा, विशेष अशा रकान्यांत पडतात, आणि शेवटी त्यांवरूनच बिल होतं. ट्रॉल्या आता कमी होत चालल्या आहेत. बऱ्याच ठिकाणी पदार्थांची छापील यादी आणि पेन्सिल देतात, हव्या त्या चौकटीत आकडा लिहायचा. नवख्यांसाठी ट्रॉली सोपी, कारण पदार्थ दिसतो. शाकाहारी माणसाला यादी सोयीची, कारण विचारायला सवड मिळते. मला स्वतःला ट्रॉली आवडते. ट्रॉलीवरच्या करंडीचं झाकण उघडल्यावर बाहेर पडणारी वाफ बघत ठरवण्यात जी मजा आहे ती पेन्सिलीत नाही.

सगळं एकदम मागवू नका. तीन-चार करंड्या, मग पुन्हा तीन-चार. गार झालेलं डिमसम निम्मी चव घालवून बसतं.

काय मागवायचं

मांस-मासे खाणाऱ्यांनी हॉटेलची परीक्षा ‘हार गाउ’वर घ्यावी. ही कोळंबीची वाफवलेली पुडी. तिची पारदर्शक पारी गव्हाच्या सत्त्वात टॅपिओकाचं पीठ मिसळून, उकळतं पाणी ओतून मळतात, आणि हाताने बारीक चुण्या घालतात. उकडीच्या मोदकाची पारी ज्यांनी केली आहे त्यांना त्या कामाची किंमत लगेच कळते: पातळ हवी, पण काडीने उचलताना फाटता कामा नये. हार गाउ चांगला असेल तर बाकीचं स्वयंपाकघरही बहुधा चांगलं असतं.

‘सिउ माई’ उघड्या तोंडाची, आत डुक्कर आणि कोळंबी दोन्ही. ‘चार सिउ बाओ’ म्हणजे गोडसर भाजलेल्या डुकराच्या मांसाचा पांढरा, वरून उमललेला बन. ‘चोंग फन’ म्हणजे तांदळाच्या पिठाची लुसलुशीत गुंडाळी, आत कोळंबी, बीफ किंवा कुरकुरीत तळलेला पाव, वरून गोडसर सोया सॉस. काळ्या सोयाबीनमधल्या डुकराच्या बरगड्या आणि कोंबडीचे पाय हे कँटनी लोकांचे जिवाभावाचे पदार्थ. कोंबडीचे पाय आधी तळून मग वाफवतात, त्यात मांसापेक्षा सॉस मुरलेली मऊ कातडी खायची असते. धाडस असेल तर एक करंडी सगळ्यांत मिळून घ्या.

सूप भरलेली ‘शाओ लुंग बाओ’ यादीत असली तरी ती शांघायकडची, कँटनी हॉटेलात ती यथातथाच मिळते. त्यासाठी शांघाय किंवा तैवानी पद्धतीचं हॉटेल बघा. मंचुरियन, शेजवान सॉस आणि ट्रिपल राइस यांपैकी काहीही इथे मिळणार नाही. ते मुंबई-कोलकात्याचं चिनी जेवण, आणि त्याची हॉटेलं इथे वेगळी आहेत.

शाकाहारी, आणि डुक्कर किंवा बीफ न खाणारे

यात घाई करू नका. कँटनी स्वयंपाकात मांस हा चवीचा भाग असतो, तो दिसतोच असं नाही. मुळ्याच्या किसाची आणि तांदळाच्या पिठाची, तव्यावर परतलेली वडी ‘लो बाक गो’ आपल्याला हमखास शाकाहारी वाटते. तिच्यात सोडे आणि चिनी सॉसेजचे तुकडे असतात. अळूच्या कंदाच्या जाळीदार तळलेल्या गोळ्यात डुकराचा खिमा असतो. कमळाच्या पानात बांधलेल्या चिकट भातात कोंबडी आणि सॉसेज. टोफूच्या सायीच्या गुंडाळीत कोळंबी. ‘गाय लान’ नावाची वाफवलेली हिरवी पालेभाजी ऑइस्टर (कालवांचा) सॉस ओतून येते. वांगी आणि ढोबळी मिरची दिसली की हात पुढे जातो, पण त्यांत कोळंबीचा लगदा भरलेला असतो. मँगो पुडिंगमध्ये बहुतेक वेळा प्राण्यांपासून काढलेलं जिलेटिन. बीफ टाळणाऱ्यांनी वाफवलेल्या गोल गोळ्यांबद्दल विचारावं, ते पुष्कळदा बीफचे असतात.

म्हणून ‘व्हेजिटेरियन आहे का?’ एवढंच विचारून थांबू नका. मांसाचा तुकडा नाही म्हणजे व्हेजिटेरियन, असं समजून प्रामाणिकपणे ‘हो’ म्हणणारे वेटर असतात. एकेक गोष्टीचं नाव घ्या: डुक्कर नको, कोळंबी नको, सोडे नकोत, ऑइस्टर सॉस नको, डुकराची चरबी नको. मँडरिन समजणारं कोणी असेल तर ‘वो छ् सू’, म्हणजे मी शाकाहारी आहे, हे वाक्य कामाला येतं. चिनी समाजात बौद्ध शाकाहाराची मोठी परंपरा असल्याने याचा अर्थ त्यांना बरोबर कळतो. कडक बौद्ध शाकाहारात कांदा आणि लसूणही वर्ज्य असतो. अनेक भाविक चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशीच शाकाहार पाळतात. चातुर्मास आणि एकादशी पाळणाऱ्या घराला हे समजावून सांगावं लागत नाही. याच परंपरेतली, मांस मुळीच न शिजवणारी शाकाहारी हॉटेलं सॅन होजेच्या आसपास आहेत. घरात कडक शाकाहारी आजी-आजोबा असतील तर त्यांना डिमसमच्या मोठ्या हॉलऐवजी अशा हॉटेलात न्यावं, हेच मी सुचवीन. तिथे कोणालाही ताटातलं चिवडून बघावं लागत नाही.

नेहमीच्या हॉलमध्ये विचारून घेता येण्यासारखं जे आहे ते असं: तळलेल्या पावाची चोंग फन (सोडे नसलेली), लाल अझुकी किंवा कमळाच्या बियांचं सारण भरलेले, तीळ लावून तळलेले गोळे, भाज्यांच्या पुड्या, ऑइस्टर सॉसऐवजी लसूण घालून परतलेली हिरवी भाजी, आणि आल्याच्या पाकातलं गरम मऊ टोफू. हा शेवटचा पदार्थ, ‘दाउ फू फा’, मला सगळ्यांत आवडतो. तिळाचे गोळे ज्या तेलात तळतात त्यात इतरही पदार्थ तळलेले असतात, ते तुम्हाला चालतं का ते तुम्ही ठरवा. शेंगदाणे, तीळ किंवा कोळंबीची ॲलर्जी असेल तर ती बसल्याबसल्याच सांगा, पदार्थ आल्यावर नको.

सणाच्या दिवसांत

चिनी चांद्र पंचांगाच्या आठव्या महिन्यातल्या पौर्णिमेला त्यांचा मध्य-शरद सण येतो. त्याच्या महिनाभर आधीपासून बेकऱ्यांत आणि नाइंटी नाइन रँचमध्ये मूनकेकच्या डब्यांचे डोंगर लागतात. कधी ही पौर्णिमा अनंत चतुर्दशीच्या आगेमागे येते, कधी कोजागिरीलाच. २०२५ मध्ये दोन्ही ६ ऑक्टोबरला होते. मूनकेक जड असतो, एकाचे आठ तुकडे करून चहाबरोबर खातात. आतल्या पिवळ्या ‘चंद्रा’साठी खारवलेल्या बदकाच्या अंड्याचा बलक घालतात, तो नको असेल तर नुसत्या कमळबियांच्या किंवा लाल अझुकीच्या सारणाचा डबा मागा. चिनी सहकाऱ्याने डबा दिला तर दिवाळीत फराळाचा डबा परत द्यावा. मी अनेकांना हे करताना पाहिलं आहे, आणि चकली तिथे फार आवडते.

चिनी नववर्षाच्या आठवड्यात मात्र पहिल्यांदा डिमसमला जाऊ नका. टेबल मिळत नाही आणि बऱ्याच ठिकाणी वेगळा, महाग मेन्यू असतो.

घरी नेताना

उरलेलं बांधून नेण्यात कसलाही संकोच नाही. डबे मागितले की देतात, बहुतेक वेळा भरायचं आपणच. काही प्लाझांत बसायला जागाच नसलेली, फक्त बांधून देणारी डिमसमची छोटी दुकानंही असतात. ती स्वस्त असतात आणि आठवड्याच्या मधल्या दिवशी डब्यासाठी सोयीची.

नाइंटी नाइन रँचच्या फ्रीझरमध्ये गोठवलेले बाओ मिळतात. पाकिटावरची घटकांची यादी पूर्ण वाचा, अझुकीच्या बाओतही ‘लार्ड’, म्हणजे डुकराची चरबी, लिहिलेलं सापडू शकतं. ते वितळवायचे नाहीत, गोठलेलेच मोदकपात्रात ठेवायचे. खाली कोबीचं पान किंवा बेकिंगचा कागद घाला आणि प्रत्येक बाओभोवती बोटभर जागा सोडा, कारण ते फुगतात. दहा-बारा मिनिटं झाकण उघडू नका. हॉटेलातून आणलेले हार गाउ फ्रिजमध्ये कडक होतात, त्यांना तीन-चार मिनिटांची वाफ पुरते. अंड्याचे टार्ट मायक्रोवेव्हमध्ये घातले तर पापुद्रे चिवट होतात, टोस्टर ओव्हनमध्ये पाच मिनिटं ठेवले की पुन्हा कुरकुरीत होतात.